गुबगुबीत अक्षर : शोभा आणि औचित्य

शब्दाला अर्थ असतो तसा चेहराही असतो. बोललेल्या शब्दाचा चेहरा म्हणजे बोलणाऱ्याचा स्वर. छापलेल्या शब्दाचा चेहरा म्हणजे त्याचे अक्षर. 'ये' हा एकच शब्द आई अंगणात खेळणाऱ्या लेकराला म्हणते आणि भाविक गुडघे टेकून प्रभूला म्हणतो. शब्द तोच, पण स्वर ऐकताच कोण कोणाला बोलावीत आहे हे आपणांस कळते. कागदावर हा स्वर उमटविण्याचे काम अक्षराच्या वळणाकडे असते. कवितासंग्रहाचे परीक्षण आपण आवडीने वाचतो, नाटकाचे वाचतो, संगीताचेही वाचतो. परंतु ज्या अक्षरांतून हे सारे आपल्यापर्यंत पोहोचते त्यांचे परीक्षण सहसा कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही ते करू इच्छितो. निमित्त आहे 'मोदक' नावाच्या एका गुबगुबीत, खेळकर अक्षरवळणाचे आणि आपल्या धर्मग्रामांच्या पत्रकांवर, फलकांवर व पुस्तिकांवर अशा अक्षरांचा जो मुक्त संचार सुरू आहे त्याचे.

प्रथम कृतीचा परिचय. 'मोदक' हे मुंबईतील 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाने केलेले देवनागरी व रोमन लिपींचे अक्षरवळण आहे. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे ही त्याच्या रचनाकारांची नावे. संगणकावर ते कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. देवनागरीत जाड अक्षरे पूर्वीही होती. पण जाडीची हौस इतक्या टोकाला नेऊन अक्षर अक्षरच राहते का, हे पाहण्याचे धाडस येथे झाले आहे. नाव सार्थ आहे. उकडीच्या मोदकाप्रमाणे प्रत्येक अक्षर फुगलेले, गोल काठांचे, आतून भरलेले दिसते. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी लग्नसराईत परातभर फुगे तळले जातात त्यांना त्या फुग्यांचीही आठवण होईल. सामान्य अक्षरात काळी रेघ आणि तिच्या पोटातील पांढरी जागा यांचा तोल असतो. 'मोदका'त तो तोल जाणूनबुजून मोडलेला आहे. 'म'च्या, 'व'च्या, 'घ'च्या पोटातील पांढरी जागा केसाएवढ्या फटीवर आली आहे आणि त्या फटीच्या बळावर आपण अक्षर ओळखतो. काळ्या ढेकळावर सुरीने चिरा द्याव्यात तसे हे लेखन आहे.

याच गटाचे दुसरे खेळकर अक्षरवळण 'बालू'. तेही जाड आणि गोलसर आहे, पण 'मोदका'इतके ठासून भरलेले नाही. त्याच्या नामकरणात एक मौज आहे. देवनागरीचा 'बालू', गुजरातीचा 'बालू भाई', बंगालीचा 'बालू दा', गुरुमुखीचा 'बालू पाजी', उर्दूचा 'बालू भाईजान', ओडियाचा 'बालू भाइना', मल्याळमचा 'बालू चेट्टन', कन्नडचा 'बालू तम्मा', तेलुगूचा 'बालू तम्मुडू' आणि तमिळचा 'बालू तंबी'. प्रत्येक लिपीत भावाला जी हाक मारतात ती त्या अक्षराचे आडनाव झाली आहे. लिपीवरून आणि भाषेवरून ज्या देशात माणसे हमरीतुमरीवर येतात, त्या देशात दहा लिप्यांना एका कुटुंबातील भावंडे म्हणून उभे करणे ही कल्पना आम्हांस मनापासून भावली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली 'फ्रातेल्ली तुत्ती' या परिपत्रकात मानवी बंधुत्वाचा जो विचार मांडला, त्याचे हे एक निरागस चित्र मानावयास हरकत नाही.

या अक्षरांचे मोल नीट जाणायचे तर थोडे मागे जावे लागेल. आपल्या समाजाचा आणि मराठी छपाईचा संबंध जुना आहे. गोव्यात येशूसंघीयांच्या महाविद्यालयात १५५६ साली छापखाना आला, तो भारतातील पहिला. पण त्या छापखान्यात मराठीसाठी देवनागरी खिळे नव्हते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले ते रोमन लिपीत. भाषा मराठी, छंद ओवीचा, आणि अक्षरे मात्र परक्या मुलखाची! फादर स्टीफन्स यांना याची खंत होती. १६०८ साली आपल्या संघाच्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या भूमीच्या भाषेत व लिपीत पुस्तके छापली जावीत अशी इच्छा व्यक्त केली होती आणि अडचणही सांगितली होती : युरोपीय लिपीला चोवीस साचे पुरतात, येथे सुमारे सहाशे लागतील. जोडाक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या, उकार यांचा हा पसारा धातूत ओतणे त्या काळी अशक्यप्राय वाटले.

पुढे दोनशे वर्षांनी, १८०५ साली, श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांच्या साहाय्याने छापले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना जे देखणेपण दिले त्याची कीर्ती देशभर झाली. विसाव्या शतकात कमल शेडगे (१९३५–२०२०) यांच्यासारख्या अक्षरलेखकांनी नाटकांची शीर्षके अशी रेखाटली, की वर्तमानपत्रातील जाहिरात पाहताच नाटक विनोदी की गंभीर हे वाचकास कळावे. तेव्हा हे शीर्षक हाताने, एका नाटकापुरतेच लिहिले जाई. आज तसे अक्षर कोणत्याही खेड्यातल्या संगणकावर एका क्षणात उमटते. फादर स्टीफन्स यांना सहाशे साच्यांची चिंता होती; आज आमच्या धर्मग्राम कचेरीतील मुलाला शंभर अक्षरवळणांपैकी कोणते घ्यावे ही चिंता आहे. टंचाईच्या काळात विवेकाची फारशी गरज पडत नाही, कारण निवडच नसते. विपुलतेत मात्र विवेक लागतो, आणि या लेखाचा खरा विषय तोच आहे.

जाड अक्षराचा जन्म कोठे झाला हेही लक्षात घेतले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये सोडतीच्या आणि मालाच्या जाहिरातींसाठी रस्त्यावरील भिंतींवर डोळ्यांत भरेल असे अक्षर हवे होते; तेव्हा रोमन लिपीतील लठ्ठ अक्षरे जन्मास आली. अमेरिकेत ऑस्वल्ड कूपर यांचे 'कूपर ब्लॅक' हे गोलसर जाड अक्षर १९२२ साली निघाले आणि जाहिरातदारांनी ते डोक्यावर घेतले. ग्रंथासाठी नव्हे, तर बाजारासाठी, वाटसरूला थांबविण्यासाठी ही जात जन्मली. यात कमीपणा काहीच नाही. बाजारात हाक मारावीच लागते. पण हाक मारणारा गळा आणि प्रार्थना म्हणणारा गळा यांत फरक करावा लागतो, एवढेच.

आता 'मोदका'चे गुण. पहिला गुण त्याचा निर्व्याज आनंद. देवनागरी छपाईला आपण शाळेच्या क्रमिक पुस्तकाशी, पोथीशी आणि सरकारी नोटिशीशी इतके बांधून टाकले आहे, की तिला हसताही येते हे विसरलो आहोत. मुलांच्या कार्यक्रमाला आकर्षक अक्षर हवे म्हणून मराठी शब्द रोमन लिपीत लिहिण्याची खोड आमच्याकडे पडली होती. 'जत्रा', 'मेळा', 'धमाल' हे शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिलेले फलक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. 'मोदक' आणि 'बालू' यांनी ती सबब काढून घेतली. देवनागरीला तिच्याच अंगच्या गोलाईतून हसविता येते हे त्यांनी सिद्ध केले. दुसरा गुण कारागिरीचा. जाड रोमन अक्षर काढणे तुलनेने सोपे. देवनागरीत शिरोरेघेच्या वर मात्रा व रफार, खाली उकार, आणि मध्ये जोडाक्षरांची दाटी. एवढ्या जाडीत हे सारे बसवायचे म्हणजे दहा माणसांच्या खोलीत तीस पाहुणे निजविण्यासारखे आहे. ते येथे निजविले आहेत, आणि बहुतेकांना पाय पसरायला थोडी जागाही मिळाली आहे. तिसरा गुण म्हणजे त्याचे एका शब्दातले बळ. मोठ्या आकारात, पुरेसे कोरे अंतर सोडून, एक किंवा दोन शब्द 'मोदका'त लिहावेत. मग चित्राची गरज उरत नाही. शब्दच चित्र होतो.

याच गुणांच्या पोटी मर्यादा आहेत. आम्ही वाचकांस एक लहानशी परीक्षा सुचवितो. आपल्या श्रद्धेतील नेहमीचे शब्द घ्यावेत : ख्रिस्त, श्रद्धा, आत्मा, पुनरुत्थान, दृढीकरण, पश्चात्ताप, शुभवर्तमान. ते एकदा हातभर आकारात आणि एकदा पुस्तकातील मजकुराच्या आकारात 'मोदका'त छापून पाहावेत. मोठ्या आकारात ते उठून दिसतील. लहान आकारात 'श्रद्धा'मधील 'द्ध' काळ्या शाईचा ठिपका होतो, 'दृढीकरण'मधील 'दृ' नुसता जाणवतो, दिसत नाही. कारण उघड आहे. जे अक्षर केसाएवढ्या पांढऱ्या फटीवर उभे आहे ती फट लहान आकारात आणखी बारीक होते, आणि स्वस्त कागदावर शाई पसरली, किंवा छायाप्रतीची प्रत काढली, की ती बुजून जाते. देवनागरीत अनेक अक्षरांची ओळख पोटातील एका रेघेवर अवलंबून असते. 'व'च्या पोटात रेघ असली की 'ब', 'प'च्या पोटात असली की 'ष'. रेघ बुजली की नाताळच्या पत्रकावरचा 'बाळ येशू' हा 'वाळ येशू' होतो. डोळस तरुण संदर्भाने वाचून नेतो. पण नुकतीच बाराखडी शिकलेले मूल आणि मोतीबिंदू झालेली आजी या दोघांना संदर्भाचा आधार पुरत नाही. विशेष म्हणजे खेळकर अक्षर आपण योजतो ते बहुधा त्या मुलासाठीच.

दुसरी मर्यादा स्वराची. 'मोदका'ला एकच स्वर येतो. तो हसतो. त्याला कुजबुजता येत नाही, गंभीर होता येत नाही, विनवता येत नाही, आणि रडता तर मुळीच येत नाही. 'बालू'च्या पुढील आवृत्तीत जाडीचे पाच प्रकार आहेत, त्यामुळे तो आवाज थोडा खाली आणू शकतो. 'मोदक' एकाच जाडीचा आहे. यास आम्ही दोष म्हणणार नाही. ताशाला सनईचे काम येत नाही म्हणून ताशा वाईट ठरत नाही. मात्र ताशा कोठे वाजवायचा हे वाजविणाऱ्याला कळले पाहिजे.

तेव्हा, कोठे? आमच्या मते धर्मग्रामाच्या जीवनात या अक्षराला हक्काच्या जागा पुष्कळ आहेत. उन्हाळी सुट्टीतील बालशिबिराचा फलक, खालच्या इयत्तांच्या धर्मशिक्षण पुस्तिकेचे मुखपृष्ठ, क्रीडामहोत्सव, गव्हाण सजावट स्पर्धेची जाहिरात, सणाच्या दिवशी चर्चच्या आवारात लागणारे खाऊचे व खेळांचे ठेले, महिला मंडळाने नाताळासाठी केलेल्या फराळाच्या डब्यावरील चिठ्ठी, वेशभूषा स्पर्धेचे प्रशस्तिपत्र. या ठिकाणी संकोच बाळगण्याचे कारण नाही. काही सज्जनांना चर्चच्या नावाखाली काही छापायचे म्हणजे ते गंभीरच असावे असे वाटते. त्यांना आम्ही संत थॉमस अक्वायनस यांची आठवण करून देतो. 'सुम्मा थिओलॉजिए'च्या दुसऱ्या खंडात त्यांनी खेळ आणि विनोद यांविषयी एक स्वतंत्र प्रश्न चर्चिला आहे. श्रमाने शरीर थकते तसा मनही थकते, आणि त्याचा विसावा खेळात आहे. खेळात मर्यादा राखणे हा सद्गुण, आणि दुसऱ्याच्या निर्दोष आनंदात सहभागी न होता त्याचा विरस करणे हा दोष, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात तर प्रत्यक्ष ज्ञान देवासमोर आनंदाने बागडते असे चित्र आहे. आनंदी अक्षर हे अश्रद्ध अक्षर नव्हे.

परंतु अक्वायनस यांनीच त्या चर्चेत सांगितले आहे, की खेळ व्यक्तीला, काळाला आणि स्थळाला शोभेल असा असावा. येथे आम्हांस खरी चिंता वाटते. अलीकडे एका धर्मग्रामात पवित्र आठवड्यासाठी काढलेली क्रूसाच्या वाटेची पुस्तिका आमच्या पाहण्यात आली. चौदाही स्थानांची शीर्षके गुबगुबीत, फुग्यासारख्या अक्षरांत, आणि त्यांना रंगीत सावली. 'येशू क्रूसावर मरण पावतो' हे शब्द वाढदिवसाच्या केकवरील नावासारखे छापलेले होते. पुस्तिका करणाऱ्या तरुणांचा हेतू निर्मळ होता. त्यांना ती लोकांनी आवडीने हातात घ्यावी असे वाटत होते. पण बाराव्या स्थानाशी गुडघे टेकलेल्या माणसाच्या हातातील कागद हसत असेल, तर त्याच्या प्रार्थनेत आपण कोणता स्वर मिसळला? दुसरे एक उदाहरण मासिक स्मरणाच्या पत्रकाचे. दिवंगताचे छायाचित्र, त्याखाली जन्म व मृत्यूच्या तारखा, आणि नाव मात्र खाऊच्या पुडीवरच्या अक्षरांत. ज्या घरात ते पत्रक गेले त्या घरातील विधवेने ते पाहून काय विचार केला असेल याची कल्पना करवत नाही. अक्षराने माणसाला दुखविता येते, हे अशा वेळी कळते.

हा दोष केवळ आपल्या खेड्यापाड्यांचा नाही. १९९४ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीत व्हिन्सेंट कॉनेअर यांनी 'कॉमिक सॅन्स' नावाचे खेळकर रोमन अक्षर रेखाटले. संगणकाच्या पडद्यावरील एका कार्टून कुत्र्याच्या तोंडच्या संवादासाठी ते योजले होते. त्या कामाला ते शोभणारेच होते. पुढे ते प्रत्येक संगणकात आले आणि लोकांनी ते दवाखान्याच्या सूचनांपासून समाधीलेखांपर्यंत सर्वत्र वापरले. २०१३ साली पोप बेनेडिक्ट सोळावे पदावरून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या कारकिर्दीचा एक छायाचित्रसंग्रह व्हॅटिकनने प्रसिद्ध केला. त्यातील मजकूरही याच 'कॉमिक सॅन्स'मध्ये होता. ज्या नगरीच्या भिंतींवर शतकानुशतकांचे कोरीव लेख आहेत, तेथे एका विद्वान पोपच्या निरोपाचे शब्द कार्टूनच्या फुग्यात शिरले. जगभरातील वृत्तपत्रांनी त्यावर विनोद केले. बिचाऱ्या अक्षराचा त्यात काय दोष? दोष निवडीचा होता. 'मोदक' आणि 'बालू' यांच्यावर मराठीत हीच पाळी येऊ नये अशी आमची इच्छा आहे. चांगले अक्षर चुकीच्या जागी वारंवार वापरले, की लोक त्या अक्षरालाच हसू लागतात.

उपासनेविषयी ख्रिस्तसभेची भूमिका स्पष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ सालच्या उपासनाविषयक घोषणापत्रात विधींच्या ठायी उदात्त साधेपणा असावा असे म्हटले आहे, आणि पवित्र कलेत नुसत्या भपक्यापेक्षा उदात्त सौंदर्याचा शोध घ्यावा असे सुचविले आहे. रोमन मिस्सा ग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांतही उपासनेची पुस्तके, विशेषतः शुभवर्तमानाचा ग्रंथ, योग्य, प्रतिष्ठित आणि सुंदर असावीत अशी अपेक्षा आहे. हे निकष अक्षरांना लावले तर निर्णय कठीण राहत नाही. वाचने, प्रार्थना, भक्तिगीतांची पुस्तिका, महागुरुस्वामींचे मेषपालीय पत्र, विवाहाच्या जाहीर सूचना, मृत्यूची वार्ता, प्रायश्चित्तकाळातील कोणताही कागद आणि मदतीसाठी केलेले आवाहन यांत गुबगुबीत अक्षर नको. भक्तिगीतांच्या पुस्तिकेबाबत तर हे केवळ औचित्य नाही, सोयही आहे. मंद उजेडात, चालत्या मिरवणुकीत, चष्मा विसरलेल्या माणसाने वाचायचे ते पान असते.

सीमेवरचे प्रसंग उरतात, आणि खरी कसोटी तेथेच आहे. नाताळ हा आनंदाचा सण. पण गव्हाणीसमोरचा आनंद आणि जत्रेतला आनंद एकाच सुराचे नव्हेत. मुलांच्या नाताळ मेळाव्याला 'मोदक' चालेल. मध्यरात्रीच्या मिस्साच्या पत्रकास नको. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या निमंत्रणाबाबत पालक आम्हांस नेहमी विचारतात. आमचे मत असे, की त्या दिवशी मुलाचे नाव 'बालू'सारख्या हसऱ्या अक्षरात येऊ द्यावे, कारण आनंद त्या मुलाचा आहे; संस्काराचे नाव आणि मिस्साची वेळ मात्र शांत, सरळ अक्षरात असावी, कारण संस्कार आपल्या सर्वांचा आहे. दोन अक्षरे शेजारी ठेवायची असतील तर तीही सोय 'एक टाइप'नेच केली आहे. त्यांचे 'मुक्ता' हे मजकुरासाठीचे अक्षर सात जाड्यांत मिळते आणि लहान आकारातही सुवाच्य राहते. मथळा 'मोदका'त, बाकी सर्व 'मुक्ता'त, असा संसार सुखाचा होतो. एका कागदावर दोहोंपेक्षा अधिक वळणे आणू नयेत. 'मोदका'ला सावली, किनार, रंगांचे चढउतार देऊ नयेत. जे आधीच फुगलेले आहे त्यात आणखी हवा भरण्याचे कारण नाही. फ्लेक्सवर ओढूनताणून ते रुंद करू नये. तारीख, वेळ, ठिकाण ही माहिती कधीही त्यात लिहू नये.

दोन आक्षेपांचा विचार करणे आवश्यक आहे. पहिला आक्षेप नावाचा. 'मोदक' हा गणपतीचा नैवेद्य. मग ते अक्षर चर्चच्या पत्रकावर कसे चालेल, असे काहीजण विचारतात. आम्हांस हा आक्षेप टिकणारा वाटत नाही. मोदक हे या मातीतील पक्वान्न आहे, आणि रचनाकारांनी त्याचे नाव घेतले ते आकारासाठी. फादर स्टीफन्स यांनी 'पुराण' हा शब्द आणि ओवी हा छंद येथील परंपरेतून घेतला. चारशे वर्षांपूर्वी ज्या धर्मगुरूला तो संकोच वाटला नाही, त्याच्या वारसांना एका मिठाईच्या नावाचा वाटू नये. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. तरुण पिढी वाचत नाही, तिला ओढून घ्यायचे तर पत्रके आकर्षक नकोत काय, असे युवा मंडळाचे कार्यकर्ते म्हणतात. त्यांची तळमळ आम्ही जाणतो. परंतु तरुण माणूस अक्षराच्या गमतीने कागद उचलेल. तो वाचून पूर्ण करील तो आतील मजकुरासाठी. शिवाय तरुणाला फक्त हसवावेच लागते ही समजूत त्याचा अवमान करणारी आहे. तोही आजोबांच्या शवपेटीला खांदा देतो, तोही प्रायश्चित्ताच्या रांगेत उभा राहतो. त्याला गंभीर अक्षरात बोललेले समजते.

शेवटी न्यायाचा एक मुद्दा. 'मोदक', 'बालू' आणि 'मुक्ता' ही तिन्ही वळणे मुक्त परवान्याखाली आहेत. ती छपाईसाठी वापरण्यास, दुसऱ्याला देण्यास पैसे पडत नाहीत. नुसते अक्षर सुटे विकण्यास तेवढी मनाई आहे. आपल्या अनेक छोट्या कचेऱ्यांत विकत घ्यावयाची अक्षरे चोरून उतरविलेली असतात आणि त्यांतच आपण दहा आज्ञा छापतो, ही विसंगती आपण किती दिवस चालू देणार? सातवी आज्ञा अक्षरांनाही लागू आहे. प्रामाणिकपणे, फुकट आणि सुंदर अक्षर हाताशी असताना चोरीचे कारण उरलेले नाही. ही वळणे युनिकोडवर आधारलेली असल्याने एका संगणकावर टंकलेला मजकूर दुसऱ्यावर उघडताना विस्कटत नाही, ही सोय वेगळीच. एक खबरदारी मात्र घ्यावी. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीत पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' वापरावयाचा असे ठरविले होते. छापण्यापूर्वी हे दोन वर्ण, आणि 'वाऱ्यावर' या शब्दातील अर्धा 'र', ठीक उमटतात की नाही हे डोळ्यांखालून घालावे. आपली भाषा आपल्या वळणात छापली जावी एवढा आग्रह आपण धरलाच पाहिजे.

'मोदक' ही आमच्या मते अलीकडच्या देवनागरी अक्षररचनेतील एक आनंददायी आणि कुशल कृती आहे. तिची मर्यादा तिच्या कर्त्यांनी लपविलेली नाही. ती मथळ्यासाठीच आहे आणि तसे तिचे रूपच सांगते. न्यून आहे ते वापरणाऱ्यांच्या बाजूला. उपदेशकाच्या तिसऱ्या अध्यायात प्रत्येक गोष्टीला तिचा काळ नेमून दिला आहे. हसण्याचा एक आणि रडण्याचा एक. धर्मग्राम मंडळांनी वर्षारंभी उपासना वर्षाचे वेळापत्रक आखताना कोणत्या काळात कोणते अक्षर वापरावे हेही चार ओळींत ठरवून कचेरीत लावून ठेवले, तर पुष्कळ काम होईल. पत्रक छापण्यापूर्वी त्याची एक प्रत घरातील सर्वांत लहान वाचत्या मुलाला आणि सर्वांत वयस्कर माणसाला वाचावयास द्यावी. दोघांनाही ती न अडखळता वाचता आली, आणि प्रसंगाचा स्वर दोघांनाही तोच ऐकू आला, तर ते अक्षर योग्य जागी बसले असे खुशाल समजावे.